वैती सिस्टरांची दुहेरी पदवी

पोलिसांच्या लाठीनं माझं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. परळच्या रुग्णालयात जो येईल त्याला ते कसं मोडलं हे मी सांगत होतो. शेजारच्या खाटेवरच्या, गिरणीत खात्याचा मुकादम असलेल्या जॉबरनं दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड केलं. अशात पाच-सहा शिकाऊ नर्सेसचा घोळका घेऊन एक बुटकी, रापलेली, पन्नाशीला आलेली बाई खाटेपाशी येऊन उभी राहिली. श्रोते ताजे होते. मी सुरुवात केली.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "राहतोस कुठं?"

"करी रोड."

"मजला?"

"तिसरा."

"पाणी?"

"खाली. नळावर."

"कोण चढवतं?"

"मीच. आईला जमत नाही, दादा पहिल्या पाळीला."

त्या मुलींकडे वळल्या. "ह्याचा हात सहा आठवडे गळ्यात राहणार. पाणी कोण चढवणार? बोला."

एक मुलगी चाचरत म्हणाली, "सिस्टर, प्लास्टरची काळजी..."

"प्लास्टर डॉक्टर बघतील. मी पाण्याचं विचारतेय."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी चिडलो. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून आम्ही डोकी फोडून घेत होतो आणि ही बाई हंडे मोजत होती. पुढच्या आठवड्यात घरी सोडलं. दुसऱ्याच दिवशी मी मर्दुमकीनं एका हातात हंडा घेतला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घाम फुटून खाली बसलो. तेव्हा मला तो प्रश्न आठवला, पण अजून पटला नव्हता.

रविवारी त्या बाई आमच्या घरी आल्या. न कळवता, छत्री घेऊन, पायात चपला. रुग्णालयातले पांढरे बूट त्या चाळीत कधी घालत नसत. "बूट बघितले की लोक आधी खोली आवरतात, मग दार उघडतात. मला न आवरलेली खोली बघायची असते," असं त्यांचं म्हणणं. आत आल्या त्या थेट मोरीपाशी गेल्या. आमच्या आईला हे झेपलं नाही.

"गे बाय, बसा तरी. मोरी कित्याक बघतास?"

"मोरी घरातली खरं बोलते. तुम्ही चहा टाका."

हा चहा त्या प्रत्येक घरात आपणहून मागत. पुढं कळलं, का ते. कुणाच्या घरचं पाणी नाकारलं की माणसं दुखावतात, आणि सगळ्यांच्या घरचं पाणी प्यावं असं लालबाग-परळचं पाणी नव्हतं. चहाला ते निदान उकळायचं. दिवसातून सात-आठ चहा व्हायचे आणि त्यांना पित्ताचा त्रास होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी खिशातली सोड्याची पुडी पाहिली म्हणून मला ठाऊक.

आमच्याकडचा प्रश्न त्यांनी एका चहात सोडवला. शेजारी सखाराम नावाचा एकटा गडी राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, खानावळीला कंटाळलेला. त्यानं आमचे हंडे चढवायचे, आईनं त्याला सकाळची भाकरी द्यायची. दोघंही चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होती आणि हे कुणाला सुचलं नव्हतं. निघताना कोपऱ्यातल्या आमच्या चळवळीच्या पत्रकांकडे बघून मला म्हणाल्या, "आणि तू, पत्रकवाल्या, हाड सांधेपर्यंत भाषण बसून कर."

तेव्हापासून मी त्यांचा पत्रकवाला.

वैती सिस्टर रुग्णालयात ट्यूटर होत्या, म्हणजे नर्सेसना शिकवणाऱ्या. वरळीच्या कोळीवाड्यातल्या. त्यांची मामी लालबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि भाची रुग्णालयाच्या गणवेषात समोरून गेली की मुद्दाम मोठ्यानं हाक मारायची, आजूबाजूच्यांना कळावं म्हणून. बाकी चरित्र मला माहीत नाही. विचारायची छाती नव्हती. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "ते राहू दे, तुझ्या नळाचं काय झालं?"

एक वाक्य मात्र त्यांच्या तोंडी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणेन. "वॉर्डाच्या वहीत माणसाचं नाव असतं, खोली नसते. आरोग्यखात्याच्या वहीत खोली असते, माणसाचं नाव नसतं." ह्या दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

ती कुठून आली हे त्यांनी मला एकदा सांगितलं. लालबागच्या एका चाळीतला कांडीवाला, गिरणीत सुताच्या कांड्या भरणारा, टायफॉइडनं वॉर्डात आला. तिथल्या नर्सनं त्याला बरा केला. तीन महिन्यांनी त्याची बायको आली, तीही बरी झाली. मग त्यांची मुलगी आली, ती सिस्टरांकडे. तिन्ही वेळी वॉर्ड वेगळा, नर्स वेगळी, वही वेगळी. खात्याचा माणूस त्याच काळात त्या चाळीत दोनदा पावडर मारून गेला होता. मुलीचे पाय चेपताना सिस्टरांनी सहज विचारलं, बाळ, तुम्ही पाणी कुठलं पिता? ती म्हणाली, संडासाच्या भिंतीला नळ आहे तिथलं. सिस्टर त्याच दिवशी तिथं गेल्या. भिंतीतला पाइप फुटलेला, आणि वरून मैला पाझरत होता. वर्षभर हे चालू होतं.

"मुलगी?" मी विचारलं.

"गेली," त्या म्हणाल्या. "मी तिला फार चांगलं सांभाळलं. चादर रोज बदलली."

असं सांगून त्यांनी छत्री उचलली आणि चालू लागल्या.

ह्यातून त्यांनी एक अभ्यासक्रम रचला. पदवी घेतलेल्या नर्सेससाठी वरची पदवी, पण दुहेरी. रुग्णशुश्रूषा आणि सार्वजनिक आरोग्य, दोन्ही एकाच मुलीनं, एकाच वेळी शिकायचं. सकाळी वॉर्ड, दुपारी चाळ. प्रत्येक मुलीला दोन वर्षांसाठी एक चाळ नेमून द्यायची. त्या चाळीतलं माणूस कुठल्याही वॉर्डात आलं तरी ते तिचं, बरं होऊन घरी गेलं तरी तिचं. त्याची खाट, त्याचा नळ, त्याच्या पोराचं वजन, सगळ्याची एकच वही. आणि परीक्षा अशी, की परीक्षकानं मुलीबरोबर पेशंटच्या घरी जायचं आणि तिथं प्रश्न विचारायचे.

मी विचारतो, ह्यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या आईला हे पहिल्या दमात कळलं. "म्हंजे बरी झाल्यावरय कोणतरी इचारतला," ती म्हणाली. पण आई समितीवर नव्हती.

समितीवर जे होते त्यांनी तीन वर्षं हा अभ्यासक्रम चेंडूसारखा टोलवला. मेट्रन म्हणाल्या, आमच्या मुली काही सॅनिटरी इन्स्पेक्टर नव्हेत. आरोग्यखात्याचे साहेब म्हणाले, ह्या मुली वॉर्डात राबणार, मग आमच्या कशा? नर्सिंगवाल्यांनी आधी मान्यता द्यावी, आम्ही देतो. नर्सिंगवाले म्हणाले, खात्यानं आधी द्यावी. एका डॉक्टरांनी विचारलं, परीक्षकानं जिने चढायचे? सिस्टर म्हणाल्या, पेशंट चढतो, सर. समितीचे अध्यक्ष गिरगावातले एक नावाजलेले डॉक्टर होते. पहिल्याच भेटीत ते कौतुकानं म्हणाले, "आपण कोळीण ना? मराठी मात्र अगदी शुद्ध बोलता हं." हे सांगताना सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

आणि ह्या सगळ्यावर एक हुकमी पत्ता होताच. मुंबई कुठल्या राज्यात जाणार तेच ठरलेलं नाही, आज पदवी मान्य करून ती उद्या कुणाच्या गळ्यात घालायची? शहराचं ठरू द्या, मग बघू. म्हणजे आम्ही रस्त्यावर जी मागणी करत होतो तिचंच ह्यांनी आत बसून आळसाचं पांघरूण केलं होतं. मी सिस्टरांना म्हटलं, ह्यावर एक जळजळीत पत्रक काढतो. त्या म्हणाल्या, "पत्रकानं मोर्चा निघतो, अभ्यासक्रम निघत नाही. तू मला एक काम करून दे."

काम साधं होतं. अभ्यासक्रमाचा मसुदा इंग्रजीत टंकून झाला होता. पण शेवटची पुरवणी, चाळीत विचारायच्या प्रश्नांची दोन पानं, त्यांना मराठीतच हवी होती. "मुली विचारणार मराठीत, बायका सांगणार मराठीत, मग कागद इंग्रजीत कशाला?" रुग्णालयातला टंकलेखक म्हणाला, माझ्याकडे मराठी यंत्र नाही. आमच्या चळवळीच्या कचेरीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि स्टेन्सिलवर लिहायला माझं अक्षर होतं. समितीची बैठक परवावर आली होती. ह्या बैठकीत होय की नाही ते व्हायचंच, असं अध्यक्षांनी कबूल केलं होतं. सिस्टरांनी मोजून चांगला पांढरा कागद दिला.

प्रश्न लिहिताना मला पहिल्यांदा त्या बाईचं डोकं कळलं. 'घरात कोण आजारी आहे?' असा प्रश्न त्यात नव्हताच. 'काल सगळ्यांत शेवटी कोण जेवलं?' असा होता. 'पाणी उकळता का?' असा नव्हता. 'चूल दिवसातून किती वेळा पेटते?' असा होता. 'रुग्णालयातून घरी आल्यावर पहिलं काम कुठलं केलंत?' हा शेवटचा.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी प्रती काढायला घेतल्या. यंत्रानं शाई जास्त ओकली, सात-आठ पानं बरबटली, आणि शेवटच्या तीन प्रतींना कागद कमी पडला. दुकान उघडायला अवकाश होता. टेबलाखाली जुन्या पत्रकांचे गठ्ठे होते, एका बाजूनं छापलेले, दुसऱ्या बाजूनं कोरे. आम्ही चळवळीतली माणसं. पाठकोरा कागद म्हणजे आमच्या लेखी कागदच. त्यावर आम्ही ठराव लिहायचो, निरोप लिहायचो, वर्गणीच्या याद्या करायचो. मागं काय छापलंय हे बघायची आम्हाला सवयच राहिली नव्हती. मी तीन प्रती त्यावर काढल्या, सगळ्या प्रती मसुद्यांच्या मागं टाचल्या आणि सगळा गठ्ठा नेऊन सिस्टरांच्या हातात दिला. त्या वॉर्डातून थेट बैठकीला निघाल्या होत्या. त्यांनी वरचं पान पाहिलं, माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाल्या, "झकास. चल बरोबर, बाहेर बस."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या झडपा अर्ध्याच होत्या, आतलं सगळं ऐकू येत होतं. तासभर सिस्टर बोलल्या. आवाज चढवला नाही, एकदाही अडखळल्या नाहीत. मेट्रन दोनदा "हो, हे खरं आहे" म्हणाल्या. खात्याच्या साहेबांनी विचारलं, पहिल्या वर्षी किती मुली घ्याल? हा प्रश्न नकार द्यायचा असेल तर कुणी विचारत नाही. मी बाकावर दाराच्या बाजूला सरकलो.

मग पानं उलटल्याचा आवाज आला, आणि अध्यक्षांचा आवाज.

"सिस्टर, ही पुरवणी मराठीत आहे ते ठीक. पण तिच्या मागंही काही आहे." आणि त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं, "'लाचारांनो, खुर्च्या सोडा.'" थोडं थांबून म्हणाले, "सोडू का?"

ते पत्रक माझंच होतं. मथळाही माझा.

कुणीतरी हसलं. सिस्टर म्हणाल्या, "सर, ते मागचं पान आहे. कागद कमी पडला असेल. आपण पुढचं पान वाचावं."

"वाचलं. पण मागचं अधिक स्पष्ट लिहिलंय," अध्यक्ष म्हणाले. मग आवाज बदलला. सरकारी नोकरीतल्या ट्यूटरचे कागद कुठं निघतात, कोण काढतं, ह्याचा खुलासा लेखी यावा. तोवर विषय स्थगित.

बाहेर आल्यावर सिस्टर बाकापाशी थांबल्या. मी उठून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं आलंय हो तुझं. सगळ्यांना वाचता आलं."

मी म्हटलं, "मी आत जातो. सांगतो, चूक माझी, तुम्हाला माहीतही नव्हतं."

"आणि मग? ट्यूटरबाई चळवळीच्या कचेरीत कागद काढतात, हे साक्षीपुराव्यानिशी सिद्ध होईल. तू तोंड उघडू नकोस. आयुष्यात एकदा गप्प बसून दाखव."

मी हजारांच्या सभेत बोललेला माणूस. पोलीस चौकीत अधिकाऱ्याला उलट बोललेला माणूस. त्या दिवशी मला गुन्हा कबूल करायचीही सोय नव्हती. ही जी कोंडी आहे, तिच्यावर पत्रक निघत नाही.

सिस्टरांनी खुलासा दोन ओळींचा दिला. कागद मी दिला, जबाबदारी माझी. प्रती काढणाऱ्याचं नाव विचारलं, दिलं नाही. महिन्याभरात त्यांचं शिकवणं काढून घेतलं आणि त्यांना बाह्यरुग्ण विभागात पट्ट्या बांधायला बसवलं. त्यांच्या हाताखालच्या मुली सुरुवातीला त्यांच्याकडे येत, रविवारी बरोबर चाळीत जात. मग मेट्रननी रविवारच्या पाळ्या लावल्या. एक-एक करत मुली थांबल्या. सिस्टर एकट्याच हिंडत राहिल्या, छत्री घेऊन, चहा पीत. मी कधी बरोबर जायचो. जिन्यात त्यांना दम लागायचा. त्या थांबून कठड्याला धरायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "ह्या चाळीला एक मुलगी पुरली असती."

पुढं आम्ही जिंकलो. मुंबई मिळाली, राज्य झालं. मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, मला एक भरवला. मग जराशा घुटमळत म्हणाल्या, "आता तुझी माणसं वर गेली. कुणाला विचारशील का रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट.

मी विचारलं. ज्यांच्या सभांना मी सतरंज्या घातल्या होत्या आणि जे आता सरकार पक्षात गेले होते, अशा एका पुढाऱ्याकडे गेलो. त्यांनी मला मिठी मारली, बसवलं आणि ऐकलं. "नर्सला दुहेरी पदवी? बरं बरं. लिहून दे, मी शेरा मारतो." शेरा मारला, माझ्या समोर मारला. 'तातडीने कार्यवाही व्हावी.' मी चार महिने खेटे घातले. शेवटी कचेरीतल्या कारकुनानं मला समजावून सांगितलं, आणि तो चांगला माणूस होता. "साहेब, ही फाइल एका खात्यात मावत नव्हती. म्हणून आम्ही विषयवार वेगळी केली."

वेगळी केली म्हणजे काय, हे त्यानं दाखवलं. दोरा कापला होता. शुश्रूषेची पानं एका खात्याकडे, आरोग्याची दुसऱ्या खात्याकडे. "आणि ही दोन पानं?" मी विचारलं. पुरवणी त्याच्या टेबलावरच होती. "ती कुठल्याच विषयात बसेनात," तो म्हणाला.

मी भांडलो. टेबलावर मूठ आपटली. आमचं राज्य, आमची माणसं, मराठीतला कारकून, मराठीतला शेरा. मी कुणाविरुद्ध घोषणा देणार होतो? कारकुनानं मला पाणी आणून दिलं.

सिस्टरांना हे सांगायला जाताना मी पायी गेलो, म्हणजे उशीर व्हावा म्हणून. त्यांनी पुरतं ऐकलं. विचारलं एवढंच, "मधून कापली, की जागा बघून?"

"जागा बघून."

"म्हणजे वाचली तरी असेल," त्या म्हणाल्या.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. आरोग्याच्या पानांवर एका खात्यानं विचार केला आणि निर्णय दिला की नर्सेसच्या चालू शिक्षणक्रमात 'घर आणि आरोग्य' ह्या विषयावर एक व्याख्यान असावं. अनुभवी व्यक्तीस निमंत्रण द्यावं. दोन वर्षांच्या पदवीचं पाऊण तासाचं व्याख्यान झालं, आणि ते द्यायला वैती सिस्टरांना बोलावलं. त्या गेल्या. मी असतो तर गेलो नसतो. पण मला नकार देणं परवडतं, माझी कुठली मुलगी टायफॉइडनं गेलेली नाही.

त्या दुपारी मी रुग्णालयातल्या कामगारांत पत्रकं वाटायला गेलो होतो. वर्गावरून जाताना आवाज ओळखीचा वाटला म्हणून दारात थांबलो. साठेक मुली बसल्या होत्या. सिस्टर नऊवारी पातळात, खडू हातात. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात त्यांनी एक खाट काढली होती. खाटेवर माणूस, माणसाला ताप, तापाचा तक्ता, पातळ पेज, चादर कशी बदलायची, अंग कसं पुसायचं, सगळं नीट, भराभर. मुली लिहून घेत होत्या. सिस्टरांचा आवाज चढत चालला होता, कारण खरं बोलायचं होतं ते पुढं होतं. तक्ता खाली आला. पेशंटनं पेज संपवली. पेशंट उभा राहिला.

"आता हा माणूस गेटच्या बाहेर पडला," सिस्टर म्हणाल्या आणि फळ्याच्या उजव्या भागाकडे सरकल्या. "मुलींनो, आता..."

घंटा झाली. पुढच्या तासाचे डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभेच होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग फार अदबीनं हसून आत मान लववली. मुलींनी वह्या मिटल्या आणि एका सुरात आभार मानले. पहिल्या बाकावरच्या एकीनं मात्र वही उघडी ठेवली होती.

"सिस्टर, पुढचं परीक्षेला आहे का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

मुलीनंही वही मिटली. डॉक्टर आत जाऊन टेबलावर आपले कागद लावू लागले. मी काखेतला पत्रकांचा गठ्ठा सावरून दारातून बाजूला झालो. सिस्टरांनी हातातला खडू ठेवला, डस्टर उचललं आणि पुढच्यांना जागा हवी म्हणून ती खाट पुसायला लागल्या.